हिरवी अंगठी आणि म्हाताऱ्याचा प्रश्न

२०२५ मध्ये सुपरमॅनचा नवा सिनेमा आला तेव्हा दिग्दर्शक जेम्स गन एका मुलाखतीत म्हणाला की सुपरमॅनची गोष्ट म्हणजे बाहेरून येऊन इथे वसलेल्या माणसाची गोष्ट आहे, आणि झालं, अमेरिकेत एकच गदारोळ उठला. त्याचे पडसाद आमच्या टपरीवरच्या चहापर्यंत येऊन पोचले. एक मित्र म्हणाला, आपल्या लहानपणी कसं मस्त होतं रे, हिरो यायचा, व्हिलनला चोपायचा, गोष्ट संपली, आता प्रत्येक ठिकाणी राजकारण घुसवलंय. दुसरा लगेच उसळला की कॉमिक्स पहिल्यापासून राजकीयच आहेत, तुला काही माहीत नाही. मग दोघंही हेच वाक्य आवाज चढवत चढवत तीन-चारदा बोलले आणि चहा गार झाला. नेटवर बघितलं तर तिथेही हेच चाललेलं, फक्त माणसं लाखोंनी. मला दोघांचंही पटत नाही. पहिल्याचं म्हणणं सरळ सरळ चुकीचं आहे, आणि दुसऱ्याचं बरोबर असलं तरी अर्धवट आहे, कारण "आधीपासूनच होतं" हे सांगून काहीच सिद्ध होत नाही, आधीपासून तर पुष्कळ टाकाऊ गोष्टीही होत्या. गोष्टीत राजकारण आहे की नाही हा मुळी प्रश्नच नाहीये. गोष्ट आपल्याच नायकाला असं काही विचारते का, की ज्याचं उत्तर त्याच्याकडे नाही, हा खरा प्रश्न. विचारत असेल तर ती टिकते, आणि नुसतीच नायकाच्या तोंडी घोषणा कोंबत असेल तर ती घोषणा मला कितीही पटणारी असो, गोष्ट पडते. हे मला नीट समजलं ते एका जुन्या अंकामुळे, जो या वादानंतर मी कपाटातून काढून परत वाचला.

अंक म्हणजे डीसी या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशकाच्या ग्रीन लँटर्न मासिकाचा ७६ वा, मुखपृष्ठावर तारीख एप्रिल १९७०, किंमत १५ सेंट. लेखक डेनी ओनील, चित्रकार नील अ‍ॅडम्स, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. या अंकापासून ग्रीन लँटर्नच्या जोडीला ग्रीन अ‍ॅरो आला. दोघांची जोडी जमवण्यात डोकं होतं. ग्रीन लँटर्न म्हणजे हॅल जॉर्डन, अवकाशातला पोलीस, ओआ नावाच्या ग्रहावरच्या निळ्या कातडीच्या बुटक्या गार्डियन लोकांचा हुकूम पाळणारा, बोटात अशी अंगठी की मनात आणेल ते घडवेल, फक्त पिवळ्या रंगापुढे तिचं काही चालत नाही. ग्रीन अ‍ॅरो म्हणजे ऑलिव्हर क्वीन, आधी बॅटमॅनची नक्कल वाटावी असा श्रीमंत तिरंदाज, पण १९६९ मध्ये अ‍ॅडम्सने त्याला दाढी आणि नवा पोशाख दिला, ओनीलने त्याची सगळी इस्टेट घालवली, आणि तो रस्त्यावर आला, मतंही रस्त्यावरच्या माणसांची झाली. एक कायदा मानणारा, दुसरा कायद्यावर चिडलेला.

गोष्टीची सुरुवात अशी. हॅल उडत उडत शहरात येतो, बघतो तर एक तरुण पोरगा एका सुटाबुटातल्या जाड्या माणसाला धक्काबुक्की करतोय. हॅल आपल्याला शोभेल तेच करतो, पोराला अंगठीने उचलून पोलिसांकडे पाठवतो आणि लोकांच्या टाळ्यांची वाट बघतो. टाळ्या नाही, वरून डबा येऊन आदळतो, मग कचरा. तो चिडून उलटणार इतक्यात ग्रीन अ‍ॅरो मध्ये येतो आणि म्हणतो की यांच्यावर हात टाकायचा तर आधी माझ्याशी गाठ आहे. मग तो हॅलला ती बिल्डिंग आतून दाखवतो, पडकी, अंधारी. तो जाड्या म्हणजे घरमालक ज्युबल स्लेड, त्याला बिल्डिंग पाडायला सगळ्यांना बाहेर काढायचंय, आणि त्याने कायद्याचं एकही कलम मोडलेलं नाही. हॅलचा सगळा विश्वास तिथे डगमगायला लागतो. कारण पोरगा गुन्हेगार होता हे खरं, आणि घरमालक कायद्याने स्वच्छ होता हेही खरं.

आणि मग ते पान येतं. एक म्हातारा काळा माणूस हॅलसमोर येऊन उभा राहतो, त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. तो जे म्हणतो त्याचा मथितार्थ असा, की बाबा रे, तुझ्याबद्दल वाचलंय मी, तू निळ्या कातडीवाल्यांची चाकरी करतोस, कुठल्याशा ग्रहावर नारिंगी कातडीवाल्यांना मदत केलीस, जांभळ्यांसाठीही पुष्कळ केलंस, पण एका कातडीकडे तू कधी ढुंकून पाहिलं नाहीस, काळ्या. का ते सांग मला. हॅलची मान खाली गेलेली. तोंडातून जेमतेम दोन शब्द निघतात, त्यांचा अर्थ एवढाच की नाही सांगता येत. अंगठीला पिवळा रंग चालत नाही हे मला पाठ होतं, त्या पानावर कुठेही पिवळ्याचं भय नाही आणि तरीही अंगठी निकामी आहे. अ‍ॅडम्सने ना स्फोट काढलाय ना कोणी कोणाला मारलंय, नुसती एक मान झुकलेली काढलीय, आणि सगळा अंक त्या मानेवर उभा आहे.

आता यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप मी आधीच मांडतो, कारण तो खोटा नाही. लोक म्हणतात, अरे, या हॅलने अख्खी पृथ्वी कितीदा वाचवलीय, पृथ्वीवर काळे लोक राहत नव्हते का? त्यांच्यासाठी काही केलं नाही हे तर सपशेल खोटं झालं, म्हाताऱ्याला एका वाक्यात गप्प करता आलं असतं. तर्काने बघितलं तर बरोबर आहे, आणि ओनीलने हॅलला ते वाक्य बोलू दिलं नाही ही लेखकाने नायकावर केलेली बळजबरी आहे असंही म्हणता येईल. पण जरा थांबून बघा. एखाद्या शहराला शंभर किलोमीटरवरच्या धरणातून पाणी येतं, धरण सगळ्यांसाठी बांधलंय, उद्घाटनाच्या कोनशिलेवर तसंच लिहिलंय, आणि एका वस्तीत वीस वर्षं नळाला पाणी नाही. तिथली बाई हंडा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये आली आणि साहेब म्हणाले की बाई, धरण फुटू नये म्हणून आम्ही रात्ररात्र जागतो, फुटलं असतं तर तुम्हीही वाहून गेला असतात, तर हे उत्तर खोटं आहे का? नाही. पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे का? म्हातारा वाचवण्याबद्दल विचारतच नाहीये, तो बघण्याबद्दल विचारतोय. तू परग्रहावरच्या एकेका जमातीचं भांडण सोडवायला वेळ काढलास, तुझ्या स्वतःच्या ग्रहावरची ही गल्ली तुला दिसायला लोकांनी तुझ्यावर डबे फेकावे लागले, हे कसं काय? याला "मी पृथ्वी वाचवली" हे उत्तर नाही. आणि हॅल प्रामाणिक आहे म्हणून तो ते देत नाही.

दुसरा आक्षेप खपाचा. बघा, राजकारण आणलं आणि मासिक बुडालं, १९७२ मध्ये ८९ व्या अंकाला बंदच झालं की. बंद झालं हे खरंय, नाकारण्यात अर्थ नाही. पण क्रम उलटा लावला जातो. मासिक आधीच डबघाईला आलेलं होतं म्हणून तर श्वार्ट्झने ते ओनीलच्या हातात दिलं आणि वाटेल ते करायची मोकळीक दिली, नीट चालणाऱ्या मासिकावर असा प्रयोग कोणी करू दिला असता का? मरणपंथाला लागलेल्या पेशंटला शेवटचं औषध द्यायचं आणि तो गेला की औषधाने मारला म्हणायचं, असला हा हिशोब. ही गोष्ट त्या वर्षीच्या, कॉमिक्ससाठी दिल्या जाणाऱ्या शझॅम पुरस्कारात सर्वोत्तम ठरली, आणि पुढे १९७१ मध्ये याच मासिकात ग्रीन अ‍ॅरोचा साथीदार स्पीडी हेरॉईनच्या आहारी गेलेला दाखवला तेव्हा न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांचं कौतुकाचं पत्र आलं. अर्थात पुरस्कार आणि पत्रांनी मासिक चालत नाही, हेही कबूल. माझं म्हणणं एवढंच की खपावरून यातलं काहीच ठरत नाही, ना या बाजूने ना त्या.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून त्यावर जास्त बोलतो. माणूस दिवसभर ऑफिसात, लोकलमध्ये, बातम्यांमध्ये पिचलेला असतो, त्याला दोन घटका उडायचंय, त्यात चूक काय? काहीच चूक नाही. आपल्याकडे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने कला कलेसाठी की जीवनासाठी हा वाद इतकी वर्षं घोळला, आणि मला कायम वाटत आलंय की तो वाद दोन खोक्यांत कोंबल्यामुळे वाया गेला. जणू रंजन एका खोक्यात आणि विचार दुसऱ्यात, आणि वाचकाने दारातच सांगायचं की मला कुठलं खोकं हवंय. मराठी रंगभूमीवर याचं जितंजागतं उत्तर होतं. कृ. प्र. खाडिलकरांचं कीचकवध १९०७ मध्ये रंगमंचावर आलं. विराटाच्या दरबारातली पौराणिक गोष्ट, लहान पोरांनाही पाठ असलेली. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना झालेली द्रौपदी म्हणजे हा देश, सबुरीने घ्या म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि मुठी आवळून बसलेला भीम म्हणजे जहाल, हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. इंग्रज सरकारलाही कळलं, १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्या प्रेक्षकांपैकी कोणी म्हणालं असेल का की आमच्या भीमात राजकारण आणू नका? भीमाने कीचकाला लोळवलेलं बघायची मजा कमी झाली का त्यामुळे, की वाढली? आणि गंमत बघा, युधिष्ठिर आणि भीम यांच्यातला जो ताण आहे, नियम पाळायचा की अन्याय थांबवायचा, तोच ताण हॅल आणि ऑलिव्हरमध्ये आहे. ओनीलला खाडिलकर माहीत असण्याचा प्रश्नच नाही. पण ताकदवान माणूस आणि कायदा अशी जोडी समोरासमोर उभी केली की हा प्रश्न आपोआप येतो, कोणी आणावा लागत नाही.

"आमच्या लहानपणी साधं होतं" ही आठवण कुठून येते तेही बघायला हवं. सुपरमॅन १९३८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा पहिल्याच गोष्टीत तो निरपराध बाईची फाशी थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चोपतो आणि वॉशिंग्टनच्या एका सिनेटरची भानगड बाहेर काढायला निघतो. १९३९ च्या सुरुवातीला तर तो अख्खी झोपडपट्टी हाताने पाडतो, का, तर सरकारला नवी घरं बांधून द्यायला लागावीत म्हणून. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा बसला तो मार्च १९४१ च्या अंकात, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या आधी, अमेरिका युद्धात उतरायचं की नाही यावर भांडत असताना. १९४६ मध्ये रेडिओवरचा सुपरमॅन कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेसारख्या टोळीशी लढला. मग साधं कधी झालं? १९५४ नंतर. त्या वर्षी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे कॉमिक्समुळे पोरं बिघडतात म्हणून सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड लादून घेतला. त्या कोडात एक कलम होतं की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. हे राजकारण नाही तर काय आहे? सत्तेवर बोट ठेवायचं नाही असा लेखी नियम करायचा, आणि त्या नियमात वाढलेल्या गोष्टींना "निव्वळ मनोरंजन" म्हणायचं!

त्या कोडने काय केलं याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. ईसी कॉमिक्सची १९५३ ची एक छोटी गोष्ट आहे. पृथ्वीवरचा एक तपासनीस यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो, तिथे नारिंगी आणि निळे यंत्रमानव, आतून अगदी सारखे, फक्त वरचं कवच वेगळं, आणि निळ्यांना सगळीकडे दुय्यम वागणूक. तो सांगतो की तुम्ही अजून आकाशगंगेच्या संघात यायला लायक नाही, आणि यानात बसतो. शेवटच्या चौकटीत तो हेल्मेट काढतो, आणि आपल्याला दिसतं की तो काळा माणूस आहे, घामाचे थेंब चमकतायत. १९५६ मध्ये हीच गोष्ट परत छापायची होती तर कोडच्या अधिकाऱ्याचा आक्षेप आला तो शेवटच्या चौकटीवर, अंतराळवीर काळा नको. ईसीचे मालक बिल गेन्स भांडले आणि आहे तशी छापली, आणि त्यानंतर कॉमिक्सचा धंदाच सोडून दिला. त्या चौकटीत एकही भाषण नाही, एकही घोषणा नाही, एका माणसाचा चेहरा आहे फक्त. तोसुद्धा "राजकारण" ठरला. तेव्हा मित्रांनो, राजकारण नको असं जेव्हा म्हणतो तेव्हा आपण नेमकं काय नको म्हणतोय, भाषण की चेहरा?

भाषण नको असेल तर मी तुमच्याबरोबर आहे, आणि इथे मला माझ्या आवडत्या अंकाच्या विरुद्ध बोलायला लागणार. ७६ व्या अंकाच्या शेवटी ग्रीन अ‍ॅरो गार्डियनपैकी एकासमोर लांबलचक भाषण ठोकतो, मेम्फिसमध्ये एक चांगला काळा माणूस मारला गेला, लॉस एंजलिसमध्ये एक चांगला गोरा माणूस पडला, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी, दोघेही १९६८ चे. वाचणाऱ्याच्या मनात ती जखम ताजी होती, १९७० मध्ये ते वाचून कोणाला रडू आलं असेल तर मी समजू शकतो. पण गोष्ट म्हणून ते कमजोर आहे, कारण ऑलिव्हरला स्वतःबद्दल एकही शंका नाही. तो बरोबर आहे हे त्याला माहीत आहे, लेखकाला माहीत आहे, आणि आपण फक्त मान डोलवायची. पुढच्या अंकांत हे वाढत गेलं. ७९ व्या अंकात आदिवासी अमेरिकन लोकांच्या जमिनीचा प्रश्न घेतलाय आणि तिथे ग्रीन अ‍ॅरो त्यांच्या मेलेल्या पुढाऱ्याचं सोंग घेऊन त्यांना धीर देतो, म्हणजे गोऱ्या माणसाने त्यांचा पूर्वज व्हायचं आणि त्यांनाच जागं करायचं. हेतू चांगला होता यात मला शंका नाही, पण वाचताना आज अंगावर काटा येतो, आणि मला वाटतं तेव्हाही काही वाचकांना आला असणार. डावीकडून जो आक्षेप घेतला जातो की त्या म्हाताऱ्याला नावही नाही, तो प्रश्न विचारून निघून गेला आणि मग दोन गोरे हिरो एका गार्डियनला घेऊन ट्रकमध्ये बसून देश शोधायला निघाले, तोही मला पूर्ण मान्य आहे. म्हाताऱ्याचा प्रश्न हॅलच्या मनाची मशागत करायला वापरला गेला. पण एक फरक सोडू नका. ऑलिव्हरच्या भाषणाचा मुद्दा आणि म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा मुद्दा राजकारण म्हणून एकच आहे, बाजू तीच, पक्ष तोच म्हणा. तरी एक पान जुनं झालं आणि दुसरं पन्नासपेक्षा जास्त वर्षं लोक काढून काढून दाखवतात. राजकारणामुळे गोष्ट बिघडत असती तर दोन्ही सारखीच बिघडली असती ना?

आणखी एक गोष्ट या अंकाने केली जी मला नंतर दिसली. सुपरमॅनने १९३९ मध्ये वस्ती पाडली तेव्हा गोष्टीचा विश्वास होता की पाडलं की सरकार बांधेल आणि सगळं चांगलं होईल. १९७० पर्यंत अमेरिकेने ते करून पाहिलं होतं, शहरं नवी करायच्या नावाखाली काळ्यांच्या वस्त्या उठवल्या गेल्या होत्या, आणि काळा लेखक जेम्स बाल्डविनने १९६३ मध्येच म्हटलं होतं की शहराचं नूतनीकरण म्हणजे काळ्यांची हकालपट्टी. म्हणून या अंकात पाडणारा हिरो नाही, घरमालक आहे. मुंबईत ज्याने चाळीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा बसून ऐकल्यात त्याला हे समजवायला नको. तोच प्रकाशक, तोच धंदा, एकतीस वर्षांत गोष्टीने स्वतःचीच जुनी समजूत तपासून बघितली. याला मी विचार म्हणतो. नुसती बाजू घेणं वेगळं.

माझं स्वतःचं सांगतो, कारण या सगळ्यात माझी ओढ कुठून आली ते लपवण्यात अर्थ नाही. शाळेतून आल्यावर मी कार्टून नेटवर्कवर जस्टिस लीग बघायचो, २००१ मध्ये सुरू झालेली ती मालिका, आणि त्यातला ग्रीन लँटर्न म्हणजे जॉन स्ट्युअर्ट, काळा, माजी सैनिक, कडक आवाजाचा. मला दुसरा कुठला ग्रीन लँटर्न असतो हे माहीतच नव्हतं. २०११ मध्ये सिनेमा आला आणि पडद्यावर गोरा माणूस दिसला तेव्हा मला खरंच वाटलं की यांनी चुकीचा माणूस घेतलाय. म्हणजे ज्याला एकेकाळी राजकारण म्हणून नाकं मुरडली गेली असतील तोच माझ्यासाठी मूळ, साधा, लहानपणीचा हिरो होता. "आमच्या लहानपणी" हे वाक्य बोलताना आता मी जरा जपून बोलतो.

जॉन स्ट्युअर्ट कुठून आला हे शोधत मी या जुन्या अंकांच्या संग्रहापर्यंत पोचलो. याच मासिकाचा ८७ वा अंक, १९७१ च्या शेवटचा, तीच जोडी ओनील आणि अ‍ॅडम्स. फुटपाथवर दोन काळी माणसं डॉमिनो खेळत बसलीयत, पोलीस येऊन त्यांना दमात घेतो, आणि एक तरुण मध्ये पडतो, बेकार आर्किटेक्ट. गार्डियननी हॅलचा पर्याय म्हणून नेमका हाच माणूस निवडलाय. हॅलला तो पसंत नाही, फार उर्मट वाटतो, पण अंगठी देतो, पोशाख देतो, आणि मास्क देतो. जॉन मास्क काढून टाकतो, म्हणतो मला हे नको, मला लपवण्यासारखं काही नाही. मग त्याला पहिलं काम मिळतं ते एका वर्णद्वेषी सिनेटरला वाचवण्याचं. त्याच्यावर गोळी झाडली जाते, आणि हल्ला बनावट आहे, दंगल पेटवण्यासाठी रचलाय, हे ओळखतो कोण, तर जॉन. हॅलला तेव्हाही ते दिसलेलं नसतं. ७६ व्या अंकात खाली गेलेली मान आणि ८७ व्या अंकात मास्क न घातलेला चेहरा, मी दोन्ही पानं आता शेजारी शेजारी उघडून ठेवलीयत, आणि मित्राला सांगितलंय की रविवारी घरी ये, आधी ही दोन पानं बघ, मग परत भांडू.